दारावरची पाटी

तीर्थस्वरूप ताईस,
दुरूनच वाकून नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. जेवणाची आबाळ होत नाही. ही जाऊन सहा महिने झाले, आता दारावरची तिची ‘शिवणकाम’ ही पाटी काढ, असे तू लिहिलेस. त्यावरून कॉलेजातला एक शब्द आठवला. हातगाडीवरच्या फळवाल्यास इंग्रजीत ‘कॉस्टरमाँगर’ म्हणत. कॉस्टर्ड ही सफरचंदाची जात. पुढे गाडीवर ती सफरचंदे राहिली नाहीत. नाव मात्र राहिले.

आज शेजारीणबाई कोट घेऊन आल्या. म्हणाल्या, “बाई नाहीत, ठाऊक आहे हो. पण पाटी आहे ना अजून? मग लावा बटण!”

लावून दिले. अंमळ वाकडेच लागले.

पाटी तूर्त असू दे. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझा आज्ञाधारक, या खेपेपुरता नव्हे,
धाकटा