बाई, जरा मनापासून लिहा

२० नोव्हेंबर १९५७

सकाळच्या गाडीने जालन्याला उतरले. त्रेचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी धरायला निघालेल्या विधवेने चेहरा पाडून बसावे, अशी डब्यातल्या बायकांची अपेक्षा होती. मी मात्र टांग्यात पुढे बसून सगळा रस्ता बघत आले. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस कडेच्या बाभळींना लागला आहे. काट्यांवर एवढे पांढरेशुभ्र काही मी पूर्वी पाहिले नव्हते.

‘प्रभातफेरी’ साप्ताहिकाचे मालक आणि संपादक गिरिधरपंत यांनी काम सांगितले. नामवंत माणसांचे मृत्युलेख ती माणसे जिवंत असतानाच लिहून ठेवायचे. तार आली की फक्त तारीख घालायची. मी माझी कथांची दोन पुस्तके पुढे केली. त्यांनी ती उघडली नाहीत, त्यांवर पानाचा डबा ठेवला आणि म्हणाले की बायका झकास रडवतात, म्हणून तुम्हाला बोलावले. राग यायला हवा होता. आला नाही. लिहून पोट भरणार, हाच आनंद मोठा होता.

खोली झुंबरबाईंकडे मिळाली. आष्टीच्या या बाईंचे गाणे एकेकाळी निजामाच्या साऱ्या मुलखात गाजले होते. माझे वडील त्यांची तबकडी कुणाला हात लावू देत नसत. आता सत्तरी उलटली आहे. त्यांच्याकडे त्यांची एकच तबकडी उरली आहे आणि ती ताकाच्या गाडग्यावर झाकण म्हणून आहे. मी बघतच राहिले, तर म्हणाल्या की मांजर कशालाच भीत न्हाई बाई, माझ्या आवाजाला बराबर भितं. किती दिवसांनी मी पोट दुखेपर्यंत हसले.

२३ नोव्हेंबर

कचेरीतली माणसे कळू लागली. कळली नसती तर बरे होते.

उपसंपादक वामनराव दिवाळीच्या पाडव्याला एक यादी करतात. येत्या वर्षात कोण कोण जाणार, याची. प्रत्येकाने दहा नावे लिहून पाकिटात घालायची. ज्याने लिहिलेले नाव ‘खपेल’ त्याला बाकीच्यांनी जिलेबीचे जेवण घालायचे. वामनरावांचे शास्त्रही आहे. सत्काराच्या फोटोत कोटाची कॉलर मानेभोवती सैल दिसली की दोन वर्षे. पुढाऱ्याने अचानक नातवंडांबरोबर फोटो काढला की एक. आणि आत्मचरित्र लिहायला घेतले की चितेची लाकडे फोडायला हरकत नाही, म्हणे. हे सांगताना ते दातांतली सुपारी काडीने काढत होते. स्वतःला मूळव्याध आहे, चालताना भिंत धरतात. पण स्वतःचे नाव यादीत घालावे असे त्यांना सुचलेले नाही. गिधाडे निदान जेवण संपल्यावर विनोद करत नाहीत.

झुंबरबाईंचे नाव सहा वर्षे यादीत आहे. बाई मरत न्हाई, माझी जिलेबी बुडवून राह्यली, असे वामनराव अगदी दुखावल्या स्वरात म्हणाले.

झुंबरबाईंचा परवा उंबऱ्यात पाय मुरगळला. हळद लावून दिली.

३० नोव्हेंबर

पहिला लेख झाला, नट शरदचंद्र यांच्यावर. वय अवघे पंचावन्न, प्रकृती ठणठणीत. पण गिरिधरपंतांना तयार हवा आहे. नांदेडला मी अकरा वर्षांची असताना त्यांचे नाटक पाहिले होते. मध्येच गॅसबत्ती विझली आणि आम्ही पोरे रडू लागलो. तेव्हा राजाच्या वेषातला हा माणूस मुकुट काखेत मारून अंधारात आमच्यात येऊन बसला आणि बत्ती पेटेपर्यंत हळू आवाजात गुणगुणत राहिला. हे लिहिताना डोळे भरून आले.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा रायभान भला माणूस आहे. कुंभार पिंपळगावकडचा. त्याचे वडील मेंढ्या राखत. त्याने सांगितले की छापखान्यात खिळे मोजकेच आहेत. लेख जुळवून सुतळीने बांधून ठेवला की तेवढे खिळे अडकले. माणूस मरेपर्यंत मोकळे होत न्हाईत, बाई. वामनरावांचे नऊ लेख असे वर्षानुवर्षे धूळ खात पडले आहेत. त्यापायी जाहिरातींना ‘ळ’ कमी पडतो. थोरामोठ्यांनी जल्दी मरावे असे ‘प्रभातफेरी’च्या जाहिरातवाल्यांनाही वाटत असेल.

६ डिसेंबर

शरदचंद्र गेले. रंगायला बसले होते, आरशासमोरच मान टाकली. अंक दुपारीच संपला. गिरिधरपंतांनी माझ्या लेखातली मुकुटाची ओळ सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, ‘मुकुट’ला ‘मुकूट’ म्हणत. वामनरावांच्या यादीत हे नाव नव्हते, म्हणून ते फुरंगटून बसले होते. एक माणूस गेला होता, आणि त्या खोलीत दुःख एवढेच होते की तो यादीबाहेर गेला.

मीही काही निराळी नाही. लेखाखाली माझे नाव छापलेले पाहून मला बरे वाटले.

१९ डिसेंबर

रखमाजी पैलवानही गेले. रविवारी लेख दिला, आज गुरुवार. मी लिहिले होते की कुस्ती जिंकल्यावर ते फेटा बांधून घेण्याआधी हरलेल्याच्या तोंडावरची माती स्वतःच्या हाताने पुसत.

रायभानने आज खाली मान घालून एक गोष्ट सांगितली. वामनरावांनी ज्या नऊ जणांवर लिहिले ते नऊही अजून जिवंत आहेत. त्यांतले एक जुने दिवाण तर नव्वद पार करून परवा तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. वामनरावांच्या प्रत्येक लेखात तीच ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ असते. त्यांच्या गद्याने आयुष्य वाढते, असा फलक बाहेर लावला तर रोग्यांची रांग लागेल.

मी हसले. रायभान हसला नाही.

२६ डिसेंबर

योगायोग आहे हे सिद्ध करायचे ठरवले. निदान मी स्वतःला तसे सांगितले.

गिरिधरपंतांना पुढारी रामरावांवर लेख हवाच होता. वय बावन्न, बैलासारखी तब्येत. दुष्काळात धान्याच्या कोठारांना कुलुपे घालणारा आणि मजुरी मागणाऱ्या बाईला भर बाजारात थोबाडीत मारणारा माणूस. दोन पाने तिरस्कार लिहिला. चार दिवस काही झाले नाही. मला हायसे वाटायला हवे होते. वाटली निराशा, आणि तीच मी आज इथे लिहून ठेवते आहे.

मग सकाळी रायभान सहज बोलून गेला की रामरावांना एक मुका भाऊ आहे आणि तीस वर्षे त्याची दाढी रामराव स्वतः करतात. दुसऱ्या कुणाच्या हातात वस्तरा दिसला की तो भितो. मी परत आत गेले आणि चार ओळी जोडल्या. जोडताना गहिवरले. खरोखर गहिवरले. त्या माणसात एकच मऊ जागा होती आणि मी तिथे बोट ठेवून दाबले.

माझे जुने निळे पातळ दोरीवरून नाहीसे झाले. वाऱ्याने गेले असेल.

झुंबरबाई संध्याकाळी शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या की त्यांची एक लेक होती, सात वर्षांची. एका जत्रेत पटकीने गेली. त्या दिवशी गाण्याची बारी होती. लेकीला झाकून ठेवले आणि गायल्या, कारण लोक आल्ते. असती तर तुमच्याच वयाची असती, बाई. मग फोडलेल्या शेंगांतले टपोरे दाणे वेचून माझ्यापुढे सारले.

३० डिसेंबर

रामराव परवा लग्नाच्या मांडवात पडले ते गेलेच. हातात विडा होता.

त्यांचा मुका भाऊ कचेरीच्या पायरीवर येऊन बसतो. गालांवर खुंट वाढले आहेत. कुणाला जवळ येऊ देत नाही. मी बाहेर पडले की माझ्या हातांकडे बघतो.

आत वामनरावांची जिलेबी चालली आहे. हे नाव त्यांच्या यादीत नव्हते, पण शेवटच्या क्षणी घातले होते असे ते शपथेवर सांगतात. त्यांना काहीच कळलेले नाही. मूर्खपणा हे केवढे निर्दोष सुख आहे! खुनी मी, आणि हसतात ते.

झुंबरबाईंना तीन दिवस खोकला आहे.

३ जानेवारी १९५८

गिरिधरपंतांना कळले आहे.

संक्रांतीच्या अंकाला आपल्या गावचे नाव हवे, म्हणाले. झुंबरबाईंवर लिहा. एवढी मोठी कलावंतीण, आणि तुम्ही तिच्याच घरात राहता. मी म्हटले की त्या जिवंत आहेत. ते पानाला चुना लावत राहिले. मग वर न बघता म्हणाले, मागच्यासारखंच. बाई, जरा मनापासून लिहा.

नकार दिला. म्हणाले की काही घाई नाही, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. तुमच्याने राहवणार नाही.

माझी पुस्तके अजून पानाच्या डब्याखाली आहेत. वरच्याच्या मुखपृष्ठावर चुन्याचे गोल डाग पडले आहेत.

५ जानेवारी

डॉक्टर म्हणाले छातीत सर्दी भरली आहे, वय पाहता काही सांगता येत नाही.

ही वही चाळली. पहिल्या दिवशी मी ताकाच्या गाडग्याचे लिहिले, दुसऱ्या दिवशी त्यांचा पाय मुरगळला. सव्वीस तारखेला लेकीचे लिहिले, सत्तावीसला खोकला.

लेख मी दिलाच नव्हता. लेख इथे चालला होता. रोज थोडा थोडा.

७ जानेवारी

सव्वीस तारखेचे ते पान फाडून चुलीत घातले. तासाभरात त्यांचा आवाज बसला. रायभान म्हणतो, जुळवलेला मजकूर मोडून माणूस सुटत न्हाई. माझे दोन लेख, पैलवानांचा आणि रामरावांचा, त्याने गुपचूप मोडून पाहिले होते. दोघेही गेलेच.

मी पान आठवून जसेच्या तसे परत लिहून ठेवले. आवाज थोडा आला.

मग उलट करून पाहिले. समासात लिहिले — झुंबरबाई कवडीचुंबक, भांडकुदळ, अडाणी. अर्ध्या तासात उठून बसल्या. तांदळाची कण्हेरी मागितली. वाटीभर प्यायल्या.

तर तिरस्कार चालतो. तेवढाच चालतो.

८ जानेवारी, सकाळ

ताप चढला. लिहिते आहे. एकेरीत लिहिते, म्हणजे नीट उतरेल.

झुंबरबाई खोटारडी आहे. झुंबरबाई दमडीसाठी लोकांपुढे नाचली. झुंबरबाईला सूर कधी लागलाच नाही, वडिलांना गाण्यातले काय कळत होते —

एकेरीत आईलाही बोलतो आपण. नको. हे नको.

तिचे पाय घाणेरडे आहेत. ती घोरते. ती बटाटे सालासकट —

ताप थोडा खाली.

८ जानेवारी, दुपार

तिने विचारले, काय लिहून राह्यल्या एवढं? सांगितले. सगळे सांगितले. शरदचंद्र, पैलवान, दाढी. विश्वास बसला की नाही, कळत नाही. हसली. खोकत खोकत हसली. म्हणाली की मेल्यावर मला कोण वाचून दाखवणार, जिवंतपणी चांगलं दोन शब्द ऐकावं म्हटलं, तर नशिबात शिव्या. मंग शिव्या तर बराबर लिहा. तुमाला येत न्हाईत. मी सांगते.

आता ती सांगते आहे आणि मी लिहिते आहे. ती सांगेल तेवढेच. माझे काही घालायचे नाही.

लिहा, झुंबरीनं पेटीवाल्याला तीन वर्षं फसवलं.

लिहा, झुंबरी तुमच्या दुधात पाणी घालती. पहिल्या दिवसापासून.

कपाळाला हात लावला. घाम आला आहे. ताप उतरतो आहे — उतरतो आहे —

लिहा, म्हणते, थांबल्या का? झुंबरी ढोंगी. गुडघा दुखत न्हाई, तुमी तेल लावावं म्हून कण्हती.

हे लिहायला नको होते.

खोकला. पुन्हा. पुढचे सांग, म्हटले, वाईट सांग, बिलकुल वाईट सांग. गिरिधरपंतांचा माणूस दारात उभा आहे, लेख मागतो आहे. त्याला जा म्हटले. जात नाही.

लिहा, झुंबरी चोर हाय. हां, चोर. हे चांगले. चोर. झुंबरी चोर. तुमचं निळं लुगडं वाऱ्यानं न्हाई गेलं, बाई. मीच नेलं दोरीवरून. उशाखाली हाय. रोज तोंडाला लावून निजते, त्याला माझ्या लेकीचा —