बोहारणीच्या अंगावरची साडी

आई, तू गेल्याला चौदा वर्षं झाली. एवढ्या काळात तुला लिहावंसं कधी वाटलं नाही, कारण तुझ्याशी भांडायची सवय मला तोंडाने होती, लिहून नव्हती. भांडण तरी काय, एकाच गोष्टीवरून. दांडिया बाजारातल्या आपल्या दोन खोल्यांचं दार तू दिवसभर सताड उघडं ठेवायचीस. कोयलीच्या रिफायनरीत शिफ्टवर निघताना मी दर वेळी बजावायचो, कडी लाव. तू तांदूळ निवडता निवडता म्हणायचीस, "अरे, आपल्याकडे न्यायला आहे काय? आणि बंद दाराआड पडले तर कुणाला कळणार?" मला ती म्हातारपणाची कटकट वाटायची. आता मी शहराच्या टोकाला, हरणीतल्या सोसायटीत राहतो. गेटवर दोन वॉचमन आहेत, आवारात बारा कॅमेरे आहेत, घराच्या दाराला आतून तीन कड्या आहेत आणि या सगळ्याचा सेक्रेटरी मी आहे. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

मागच्या वर्षी आमच्या समोरच्या मासी सकाळी मंदिरातून परत येत होत्या. गेटपासून वीस पावलांवर मोटरसायकलवरून दोघे आले आणि त्यांच्या गळ्यातला अछोडा, सोन्याची साखळी, खेचून पळाले. मासी त्याच्याबरोबर फरफटत गेल्या. खुबा मोडला, त्या अजून अंथरुणातच आहेत. त्यानंतर सोसायटीला जी भीती बसली ती मी तुला कशी सांगू? बायका मंगळसूत्र काढून डब्यात ठेवायला लागल्या. संध्याकाळी बाकावर बसणारे म्हातारे घरात बसायला लागले. आम्ही पाच-सहा जण ऑफिसात कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा पुन्हा बघत होतो. चोरांच्या डोक्यावर हेल्मेट, गाडीला नंबर नाही. पण त्याआधी दहा मिनिटं, गेटपाशी, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेतलेली बोहारीण मासींशी बोलताना दिसत होती. कुणीतरी म्हणालं, हीच टीप देते. मी चित्र मोठं केलं आणि गारच पडलो. तिच्या अंगावर तुझी साडी होती.

माझ्या पहिल्या पगारातून मंगळबाजारातून आणलेली अंजिरी इरकल. तुला आठवत असेलच. गणपतीत उदबत्तीने पदराला भोक पडलं, तेव्हा तू त्यावर पिवळ्या रेशमाने इवलीशी कोयरी भरली होतीस. तू गेल्यावर ट्रंक रिकामी केली तेव्हा ती साडी सापडली नव्हती. मी तेव्हा बायकोवरही संशय घेतला होता, आणि त्यावरून आमच्यात आठवडाभर अबोला होता.

पुढच्या मंगळवारी ती आली तेव्हा वॉचमनने तिला अडवून मला बोलावलं. कोयरी होती, विरलेली पण होती. मी विचारलं, "आ साडी क्यांथी लावी?" ती म्हणाली, "बाए आपेली, साहेब. दांडिया बजारवाळां बाए, एमना हाथे." बा म्हणजे तू, तू स्वतःच्या हाताने दिलीस म्हणे. मी ओरडलो, "जूठुं ना बोल. एमनो दीकरो हुं छुं." आणि आई, मी तुझा मुलगा हे ऐकून तिचा चेहरा एकदम उजळला. "अरे, तमे बाना दीकरा!" म्हणाली. तिला वाटलं, ओळखीचं माणूस भेटलं, सुटले. त्याच क्षणी मी मोबाईलवर तिचा फोटो काढला. फोटोत ती हसते आहे. मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, हिला आत घेऊ नये. लोकांनी लिहिलं, पाहा, निर्लज्ज कशी हसतेय.

चौकीत मी लिहून दिलं की ही साडी आमच्या घरातून चोरीला गेलेली आहे. खाली सही केली. दोन दिवस तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. तोवर फोटो हरणीतल्या सगळ्या सोसायट्यांत पोचला होता. खरे चोर दोन महिन्यांनी आणंदच्या बाजूला सापडले. त्यांचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. ग्रुपवर टाळ्यांची चित्रं आली, मासींसाठी प्रार्थना आल्या. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त फाशी देणारा तुझा मुलगा. साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. जिचा धंदाच लोकांचे जुने कपडे घेऊन भांडी द्यायचा, तिच्या अंगावर लोकांच्या घरचं कापड नसेल तर काय असेल?

दिवाळीत ताईचा फोन आला तेव्हा बोलता बोलता मी तिला साडीचं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, ती आईने माझ्यासमोर दिली तिला. आई एकदा स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली होती. तुम्ही सगळे कामावर. ही बोहारीण दारावरून जात होती, उघड्या दारातून तिने आईला बघितलं. उचललं, पाणी पाजलं, दुपारपर्यंत उशाशी बसून राहिली. साडीच्या बदल्यात आईने एक वाटीसुद्धा घेतली नाही. तुला सांगू नको म्हणाली, तुझ्या पगाराची साडी, तुला वाईट वाटेल. शिवाय कळलं असतं तर तू दाराला कुलूप घातलं असतंस." घातलंच असतं. पण मला तुझा राग आला, आई, अजून येतो. एवढं लपवायचं कशाला? मी इतका वाईट होतो का, की मला सांगता येऊ नये? उत्तर मला माहीत आहे, तरी विचारतो.

मी नाल्याकाठच्या वस्तीत तिचं घर शोधत गेलो. काय बोलायचं ते गुजरातीत जुळवून ठेवलं होतं. टोपली दारात पालथी पडली होती, वर कोंबडी बसली होती. मला बघितल्यावर ती उठली, आत गेली आणि धुतलेली, घडी घातलेली साडी घेऊन आली. "लो साहेब, तमारी साडी," म्हणाली. "हवे पेलो फोटो काढी नाखजो." आता तो फोटो पुसून टाका, एवढंच तिचं मागणं. फोटो कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये आहे हे देवालाही सांगता येणार नाही. मी हो म्हणालो. ही साडी तुमचीच आहे, एवढं एक वाक्य म्हणायला मी गेलो होतो. ते म्हणायच्या आधी साडी घ्यायला माझे दोन्ही हात पुढे झाले.

हे खरं तर ग्रुपवर लिहायला हवं. तुला लिहितोय, कारण तू ते पुढे पाठवणार नाहीस, आणि मीही कुठे पाठवणार नाही. घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं, ही कुठे मिळाली? मी म्हणालो, पोलिसांनी परत दिली.