खोका नंबर सात

१२ फेब्रुवारी २०२४

परत चपला! गरियाहाटला तिसऱ्या दुकानातल्या माणसाने आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे — "बौदी, लेडीजे होबे ना. जेन्ट्स देखाई?" वहिनी, बायकांच्यात मिळणार नाही म्हणे. घेतली. पुरुषांची, तपकिरी, नऊ नंबर. लग्नात माझा पाय पाचचा होता. चारुदत्त म्हणतो, "वय झालं की पाय पसरतात." मग याचे का नाही पसरले? सव्वीस वर्षं सातावरच आहे.

१६ फेब्रुवारी

साखर वाढली म्हणून डॉ. सेनगुप्तांकडे गेलो. बाईंनी साखरेचा रिपोर्ट बाजूलाच सारला. माझा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. अंगठी कधीपासून घालत नाही? घोरता का? घाम फार येतो? दातांत फटी आधीपासून? सगळ्याला हो, हो. फटीला तेवढं नाही. मग म्हणाल्या, "पुरानी फोटो हैं आपकी? पहले के डॉक्टरों के काग़ज़?"

मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते — पिट्युटरी. तिच्यात गाठ झाली की मोठ्या माणसातही वाढीचं हार्मोन सुटत राहतं. उंची वाढत नाही, हात, पाय, जबडा वाढतो. क्वचित होणारा आजार. आणि इतका हळूहळू, की घरातल्यांनाही कळत नाही म्हणे. हे शेवटचं वाक्य चारुदत्तला फारच आवडलं. टॅक्सीत दोनदा म्हणून दाखवलं.

१८ फेब्रुवारी

रविवार. माळ्यावरचे खोके. सोलापूर, रायपूर, इंदूर, भुवनेश्वर आणि आता हे बालीगंज — बँकेने कुठेही फेकलं तरी बरोबर येणारे, क्वचितच उघडलेले खोके. चारुदत्त वर चढला तो उतरेचना. मी खालून दोनदा हाका मारल्या. शेवटी चार फ्रेमा घेऊन उतरला, बेसिनवर जाऊन तोंड धुतलं, म्हणाला, "जुने कागद काही नाहीत गं."

नसणारच! स्वतःचे निरोप समारंभ मात्र मढवून ठेवलेले. प्रत्येक शाखेचा एक. मधोमध हा, शाल-श्रीफळ घेऊन, शेजारी मी, पुष्पगुच्छ घेऊन. चारही दिवाणावर ओळीने लावले. सोलापूरला मी बरी दिसायचे. रायपूरला नाक जरा जाड. इंदूरला हनुवटी पुढे. आणि भुवनेश्वरला माझी मोरपंखी साडी नेसून कोणी दुसरीच बाई बसली आहे.

मला रडू आलं. पंधरा वर्षं हे फोटो घरात जमताहेत. याने त्यात स्वतःलाच पाहिलं.

२७ फेब्रुवारी

गोड पाणी पाजून तासातासाला रक्त घेतलं. मग एमआरआय. गाठ चोवीस मिलिमीटर. डोळ्यांच्या नसेवर दाबतेय. दोन्ही बाजूंचं दिसणं गेलंय आणि मला पत्ता नाही! दाराच्या चौकटीला धडकायचे तेव्हा हा म्हणायचा, "शकुन, लक्ष कुठे असतं तुझं?"

२ मार्च

इथल्या मराठी मंडळातली विनीता येऊन गेली. "पाळी जाताना होतं गं असं, मी पण सुटलेच की!" तिला सोनपापडी देऊन वाटेला लावलं.

ऋताचा बंगळुरूहून फोन. ही पोर चार गावांच्या शाळांत शिकली, मराठी अडखळत बोलते. म्हणाली, "आई, दोन वर्षांपासून तुझा व्हॉइस... मला वाटायचं बाबाच उचलतात." मग बोलली का नाहीस? "तुला वाईट वाटलं असतं ना." छान. सगळे माझ्या भल्यासाठी गप्प.

१४ मार्च

उद्या ऑपरेशन. नाकातून जाणार. भीती वाटते. चारुदत्तने हात धरायला हात पुढे केला. मी माझा पांघरुणात ओढून घेतला.

२३ मार्च

घरी. नाकातून श्वास घेता येत नाही, चव नाही. सर्जन काल स्पष्टच बोलले. गाठीचा एक भाग रक्तवाहिनीला धरून बसलाय, तो काढता आला नाही. दर महिन्याला इंजेक्शन, किती वर्षं ते माहीत नाही. डाव्या बाजूचं दिसणं बहुधा परत येणार नाही. "चार-पाँच साल पहले आतीं, तो पूरा निकल जाता."

तिथेच, नर्ससमोर, मी चारुदत्तला फैलावर घेतलं. इंदूर! पाच वर्षांपूर्वी तिथेच हातांना मुंग्या यायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या आणि वाटेला लावलं. मी एकटी गेले होते, कारण बदलीच्या आधी साहेबांना शाखेचा चार्ज द्यायचा होता! एकदा, फक्त एकदा बरोबर आला असतास तर चार प्रश्न विचारले असतेस. तुझ्या बदल्यांनी माझे डोळे खाल्ले.

"काहीतरी बोल!" मी म्हटलं.

"माझंच चुकलं," म्हणाला. खाली बघत.

तेवढ्याने मला काय मिळालं?

६ एप्रिल

सूज उतरतेय, अंगठी करंगळीत गेली. चारुदत्तशी कामापुरतं बोलते. तो वरण-भात लावतो, माझ्या डाव्या बाजूने चालतो, माझं ऐकून घेतो. ऐकू दे.

१९ एप्रिल

इंजेक्शनसाठी डिस्चार्जचा कागद हवा होता. चारुदत्त अंघोळीला गेलेला, म्हणून त्याची ऑफिसची बॅग उघडली. आतल्या कप्प्यात, प्लास्टिकमध्ये, एक पिवळा पडलेला कागद. कोपऱ्यांना जुनी चिकटपट्टी. इंदूरच्या डॉक्टरांचा. जून २०१९. 'पिट्युटरीची शंका. हार्मोनच्या तपासण्या आणि एमआरआय लवकर करावे.' 'लवकर'खाली दोन रेघा.

उलटून पाहिलं. पाठीमागे माझं अक्षर — 'खोका नं. ७. निरोपाच्या फ्रेमा, पितळी समई, ऋताची जुनी पुस्तकं.'

आता आठवतं. डॉक्टर म्हणाले होते, "ताई, बदलीच्या आधी करून घ्या." मी म्हटलं होतं, तिकडे गेल्यावर बघू. सामानाचा ट्रक सकाळी यायचा होता, खोक्यावर यादी चिकटवायला हाताशी कोरा कागद नव्हता.

माळ्यावरून उतरला त्या दिवसापासून हे त्याला ठाऊक आहे. दोन महिने.

कागद होता तसाच ठेवला. तो बाहेर आला. चहा केला, दोन कप, आणि त्याच्यासमोर बसले.