साहेबांचा सत्कार आणि आमच्या खोल्या

ती. श्रीपतीदादास,

शकूचा सप्रेम जयभीम. वहिनींचा गुडघा कसा आहे? देहूरोडच्या डॉक्टरांनी चढ-उतार नको म्हटलंय, तेव्हा त्यांना माळ्यावरचे डबे काढायला लावू नकोस. माझी तब्येत बरी, फक्त घसा बसलाय. तो का बसला, ते सांगायलाच हे पत्र.

आमची लोणावळ्याची चाळ पाडून तिथे सात मजली इमारत होणार, हे तुला ठाऊक आहे. जुन्या भाडेकरूंना तेवढीच खोली आणि खालच्या भाजीवाल्यांना तिथेच जागा, हे लेखी मिळाल्याशिवाय संमती द्यायची नाही, म्हणून आम्ही भाडेकरू, भाजीवाले आणि रिक्षावाले (यांचं काही जात नाही, पण भांडण म्हटलं की येतात) अशी समिती केली. अध्यक्ष मारुतीआबा. कागद वाचायचं काम माझं, कारण मी वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांवरून. बारीक अक्षराला भीत नाही.

रविवारी बिल्डरचे साहेब बोलणीला आले. आता आपल्याकडे सत्कार झाल्याशिवाय सभा सुरूच होत नाही. आबांनी साहेबांना शाल पांघरली, नारळ दिला, फेटा बांधला; त्यांच्या ड्रायव्हरलाही बांधला. (त्याला जास्त शोभला.) प्रास्ताविकात पाऊण तास गेला. मग साहेब उठले, "तुमच्या पाठिंब्याबद्दल आभारी आहे" म्हणाले, फोटो काढून घेतला आणि निघाले! खोल्यांबद्दल अवाक्षर नाही.

मी दार अडवलं. म्हटलं, साहेब, सत्कार परत द्या.

"मावशी, सत्कार परत घेत्यात व्हय कुटं?" आबा कळवळले.

"आज घ्यायचा."

साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, पण फेटा निघेना. आबांनी शेमला कॉलरला आठ टाचण्यांनी टाचला होता (गेल्या सत्काराला फेटा पाहुण्यांच्या नाकावर उतरला होता). आबा टाचण्या शोधतायत, भाजीवाली तेजल साहेबांचं डोकं धरून उभी, आणि मी त्यांच्या कानाशी आमच्या सतरा मागण्या खणखणीत वाचतेय.

"आबा, दमानं काढा," तेजल म्हणाली, "मावशीच्या अजून नऊ ऱ्हायल्यात."

बाराव्या मागणीला साहेब म्हणाले, "आणा तो कागद, लिहून देतो." खोल्या, भाजीची जागा, दोन्ही लिहिलं आणि सही केली. रिक्षावाल्यांना स्टँडही मिळालं. त्यांना जरा वाईटच वाटलं. भांडण लवकर संपलं.

वहिनींना गुडघा शेकायला सांग.

तुझी बहीण,
शकू

ता.क. शूरपणा वाचून फुशारू नकोस. दार अडवलं तेव्हा पाय लटपटत होते, म्हणून दाराला धरून उभी होते.

ता.क. आणखी एक. खोली ज्याच्या नावावर, त्यालाच मिळणार. माझ्या खोलीवर अजून ह्यांचंच नाव आहे. मी बदललं नाही. आता ह्यांच्या मृत्यूचा दाखला द्यावा लागेल. सहा वर्षांपूर्वी तो मी घडी न उघडता तुझ्याकडे ठेवायला दिला होता. टपालाने धाडू नकोस. घेऊन ये, आणि माझा वाचून होईपर्यंत बसून राहा.