खाकी पिशवीतला मसाला

आई,

तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. आफ्रिकेतली, मलावीतली मिशनची शाळा सोडून मी कायमची परत आले त्याला जेमतेम तीन आठवडे. चिखलोलीत भाड्याने घर घेतलंय. आता गणिताच्या वह्या तपासायच्या नाहीत, पाचच्या घंटेला उठून पोरींना प्रार्थनेला रांगेत उभं करायचं नाही, तरी मेले डोळे पाचलाच उघडतात. मग काय करणार, तुला लिहायला बसले. सांगायचंही आहे.

फोनवर तू दर वेळी विचारायचीस, "मसाला पुरतो ना गं?" आणि मी म्हणायचे, "पुरतो की!" न पुरायला काय झालं? मी हातच लावत नव्हते. अंबरनाथच्या आपल्या खोलीत तू काळा मसाला भाजायला घेतलास की अख्खी चाळ शिंकायची. पप्पांची एमआयडीसीतली जुनी खाकी पॅन्ट कापून तू पिशव्या शिवायचीस, वर बॉलपेनने माझं नाव घालायचीस आणि तिकडे निघालेल्या कुणाच्याही गळ्यात मारायचीस. एकदा तर चर्चच्या बिचाऱ्या पाळकसाहेबांना विमानतळावर ती पिशवी उघडून दाखवावी लागली होती.

पहिली पिशवी मी क्वार्टरमध्ये कौतुकाने उघडली. चुलीवरच्या तेलात चिमूटभर मसाला टाकला आणि माझ्यासोबत राहणाऱ्या दोघी गोऱ्या टीचर खोकत अंगणात पळाल्या. परत येऊन त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या गं. मी नवीन, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवी उचलली आणि शाळेच्या आचारीणबाईकडे देऊन म्हटलं, "टाकून दे." पुढे अकरा वर्षं, तू पाठवलेली प्रत्येक पिशवी मी तशीच बांधलेली तिच्या हातात दिली. तू गेलीस आणि पिशव्या थांबल्या. मी तिकडे उपासनेत डोळे मिटले की मला उकिरड्यावर पडलेली पप्पांची खाकी पॅन्ट दिसायची. आईच्या हातचं फेकणारी मी, आणि पोरींना शिकवत होते की ताटातलं टाकू नका!

निरोपाच्या दिवशी आचारीणबाईने मला आत बोलावलं. तिच्या स्वयंपाकघरात टीचर लोकांना कधी प्रवेश नव्हता. बघते तर ती भलंमोठं पातेलं उतरवत होती आणि हातात, चटका लागू नये म्हणून, खाकी फडकं. त्यावर तुझ्या अक्षरात माझं नाव, निम्मं पुसलेलं.

मी म्हटलं, "हे तर टाकायला दिलं होतं ना?"

ती माझ्यावरच डाफरली. "अन्न कोण टाकतं, टीचर? दर शनिवारी घेवड्याच्या उसळीत घालत होते. पोरी भांडं पुसून खायच्या. मोठ्या झालेल्या अजून येतात आणि विचारतात, ती शनिवारची उसळ कुठे गेली?"

शनिवारी आम्ही टीचर बाजाराच्या गावी जायचो. मला कसं कळणार? मी तिथेच पिठाच्या पोत्यावर बसले आणि हसत सुटले, रडतही होते. वीस वर्षांत मी देवाचे इतके मनापासून आभार मानले नव्हते. सुटले गं आई, एकदाची सुटले! जीव भांड्यात पडला.

पण पुढे मीच घोळ घातला. ती म्हणाली, "मसाला कसा करायचा ते लिहून पाठवा, शनिवार परत सुरू करते." मी ऐटीत म्हटलं, "पाठवते की, मला येतो." काल उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये तुझ्या त्या सिंधी दुकानदाराकडे गेले. धणे, खोबरं, दगडफूल म्हणाले आणि अडकले. तो म्हणाला, "कितना कितना, दीदी? घर पे मम्मी से पूछ के आओ ना."

"पूछती हूँ," म्हटलं आणि घरी आले.

तुझ्या त्या पिशव्यांतली एक मी आचारीणबाईकडून मागून आणली आहे. हा कागद तिच्यातच ठेवणार. तिला अजून वास येतो, पण त्यातलं दगडफूल तेवढं ओळखता आलं, बाकी काही नाही. तुझा मसाला अख्ख्या शाळेने खाल्ला, आई. मीच तेवढी खायची राहिले.