गोटमारीच्या फॉर्मचे सर्व हक्क

११ ऑगस्ट २०२५, सोमवार. सकाळी ८.१०
आजपासून रोज लिहायचे. सुवाच्य. आमच्या पांढुर्ण्याच्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब म्हणाले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला (नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात) जखमी येतील, त्यांच्या नोंदीचा फॉर्म कॉम्प्युटरवर बनव. बनवणार. बारावी राहिली, म्हणून माझे नाव आजवर कशावरही छापून आले नाही. या फॉर्मवर येणार.

१३ ऑगस्ट
इंटरनेटवर जखमांच्या नोंदीचा तयार नमुना सापडला. देशोदेशीच्या डॉक्टरांनी मिळून केलेला. फुकट. खाली सदतीस नावे. मी एक रकाना वाढवला: 'दगड कोणत्या काठावरून आला? पांढुर्णा / सावरगाव.' असा रकाना जगात कुठेही नाही. म्हणजे फॉर्म माझा. सदतीस नावे खोडली. खाली लिहिले: निर्माता, वीरेंद्र. सर्व हक्क राखीव.
बापूजी कंपाउंडर म्हणाले, दगड काय गाव सांगून लागते काय बे? त्यांना डेटा समजत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
फॉर्म ग्रुपवर टाकला. अकरा अंगठे आले. मग वृषालीचा फोन. (सावरगावच्या मदत-कॅम्पची नर्स. दहावीपर्यंत माझ्या वर्गात. कायम पहिली.) म्हणे, वीरू, त्या नमुन्याचं लायसन खुलं आहे. कोणीही घ्या, बदला; पण आधीच्यांची नावं ठेवा आन् तुमचा बदलही सगळ्यांना खुला करा. तू तर नावंच खाऊन टाकली ना रे!
मी विचारले, फुकटच्या पिठाची पोळी मी केली, तर पोळी कोणाची? म्हणे, पीठ देणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं, पोळी वाटून खायची.
लाइन कट झाली. (मी केली.)

१८ ऑगस्ट
लायसन वाचले. इंग्रजी, सात पाने. दोन समजली, ती माझ्या विरुद्ध आहेत. उरलेली पाच माझ्या बाजूने असणार.

२० ऑगस्ट
वृषालीने माझा फॉर्म रकान्यासकट उचलला. सदतीस नावे परत लावली. विचारत होती, अडतिसावं तुझं लावू का? मी ठणकावले, लावायचे तर पहिले, नाही तर नाहीच. ती म्हणाली, बरं, नाही.
आता लेखी नोटीस.

२२ ऑगस्ट, पोळा
झेरॉक्सवाला बंद. नोटीस हातानेच लिहिली, तीन प्रती. उद्या फॉर्म वापरायच्या आत तिच्या हातात पडलीच पाहिजे.

२३ ऑगस्ट, गोटमार. संध्याकाळी ५.४०
बापूजी ओरडले, अबे, आज नदीत उतरून राहिला? आज? मी सांगितले, कायदा सणवार पाहत नाही.
नोटीस भिजू नये म्हणून हात वर धरला होता. जाम नदीच्या मध्यावर असताना आपल्याच काठावरून आवाज आला, पाहा रे, हा सावरगावले जाऊन मिळून राहिला!
तीन टाके. वृषालीच्या कॅम्पवर. नोटीस रक्त पुसण्यात गेली, तिन्ही प्रती. तिने माझ्याच रकान्यावर बोट ठेवून विचारले, कोणता काठ? तिने डोक्याची मागची बाजू पाहून भरले: पांढुर्णा. मी म्हणालो, माझा निषेध नोंदव. म्हणे, त्याचा रकाना तू केलाच नाही.

२८ ऑगस्ट
दोन्ही काठांची माहिती वृषालीने खुली केली. आमच्या डॉक्टरसाहेबांनीही तिचाच फॉर्म वापरला. (माझ्या फॉर्मचा पासवर्ड मला एकट्यालाच माहीत होता, आणि मी नदीत होतो.) खाली सदतीस नावे, अधिक वृषाली. मात्र एक ओळ अशी: पुरुष, वय २३, मार डोक्याला मागून, टाके तीन, दगड पांढुर्ण्याचा. हा मीच! फोन केला, निदान त्या ओळीत माझे नाव टाक. म्हणे, जखमीचं नाव उघड करता येत नाही, वीरू. बाकी सगळं खुलं.

२९ ऑगस्ट
हा नियम मला मान्य नाही. त्या ओळीचे प्रिंट काढले, पुढे पेनाने पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट. दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवले.

दुपारी १.१५
चार पेशंटनी विचारले, मागून लागला म्हणजे पळून राहिला होता काय?
काढले.