दृष्ट कुणाची लागली

१२ जून

बेबा आजही दिव्याकडे बघेना! तोंडासमोरून दिवा नेला – इकडून तिकडे, तिकडून इकडे. ती आपली छताकडे. पण मी हळूच "ए बाई" म्हटलं तर झटकन मान वळवली. म्हणजे ऐकू येतंय. मग बघायला काय होतं हिला? सहा महिन्यांची झाली आता.

सासूबाई म्हणतात, दृष्ट लागलीय. "अजून बाप्तिस्मा नाही, नाव नाही, बिननावाच्या पोरींसारखी नुसती बेबा, आणि तू तिला दारात घेऊन बसतेस! गावाला दाखवायला?" तीनदा थू-थू-थू केलं. टोपड्याला निळा मणी शिवला. एक होताच, हा दुसरा.

मला भीती वाटते. कशाची ते लिहिणार नाही.

१३ जून

थोदोरा आजी आली. शेजारची, दृष्ट काढणारी. थाळीत पाणी घेतलं, बोटानं तेलाचा थेंब सोडला, ओठातल्या ओठात पुटपुटली. थेंब तसाच राहायला हवा होता. तो पसरला – विरूनच गेला! आजीला जांभयांवर जांभया. म्हणाली, "लागलीय गं, जबरदस्त."

मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. दृष्टच आहे! दृष्ट काढता येते.

आता फक्त कुणाची ते शोधायचं.

१५ जून

वन्सं असतील का? मारिगोवन्संना मूल नाही. बेबाला घेतात आणि सोडतच नाहीत. काल म्हणाल्या, "हिला मीच ठेवून घेते." मागच्या वर्षी ईस्टरला त्या अंगभर लाल पुरळ येऊन पडल्या होत्या, तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? मीच ना? आणि आता ही परतफेड?

छे. असं लिहू नये.

१७ जून

वन्सं नाहीत. नटसाहेब!

मेअखेरीपासून आमच्या माडीवर उतरलाय तो. आल्कीस नाव, अथेन्सचा. खाली जुन्या दगडी रंगमंचावर त्याच्या मंडळींचं नाटक बसतंय, माझा नवरा लाम्बीस तिथं सामान ओढायला जातो. नटसाहेबाचे डोळे निळे – निळे म्हणजे समुद्रासारखे. आल्या दिवशीच म्हणाला, "अरे वा, काय सुंदर बाळ!" आणि कौतुकावर तीनदा थुंकायचं असतं, तर थुंकला नाही! अथेन्सच्या माणसाला कोण शिकवणार?

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "निळ्या डोळ्यांचा, वर कौतुक, वर कोरडं तोंड. बघायलाच नको."

१९ जून

त्याचा सदरा धुवायला आला होता. शिवणीतला धागा काढून घेतला. निखाऱ्यावर जाळला, बेबावरून धूर फिरवला. तिला ठसका लागला फक्त.

२० जून

फरक नाही.

२२ जून

आज हसू आवरेना. नटसाहेब डोळ्यांना रुमाल बांधून अंगणात फिरत होता. धुण्याच्या टोपल्याला अडखळून कोंबड्यांत पडला! वन्संनी विचारलं, "काय हो, दारू कुठली म्हणायची ही? आमच्या भावालाही सांगा."

तो म्हणाला, नाटकात राजा शेवटी स्वतःचे डोळे फोडून घेतो. आंधळा कसा चालतो ते कळत नाही म्हणून शिकतोय.

सासूबाई ओरडल्या, "असलं सोंग माझ्या अंगणात नको! सोंगाचं खरं होतं!"

२५ जून

काल गावात सेंट जॉनच्या होळ्या पेटल्या. बेबाला पोटाशी धरून जाळावरून तीन उड्या मारल्या. सगळ्या पोरांचे डोळे ज्वाळेकडे. हिचा चेहरा धगीकडे वळला. डोळे नाही वळले.

२७ जून

नटसाहेब रुमाल बांधून ओट्यावर बसला होता. बेबा शेजारी चटईवर. मी पाणी आणायला गेले, परत येते तर ती त्याच्या मांडीवर! दोघंही मान एकाच बाजूला कलती करून बसलेली. कोंबडीनं माती उकरली की दोघांची मान तिकडे. अगदी सारखी.

त्यानं रुमाल काढला. बराच वेळ बेबाकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "स्तमाता, मी जे महिनाभर शिकतोय ना, ते हिला येतं. ही बघत नाही. ही ऐकते."

मी बेबाला ओढूनच घेतली. म्हटलं, "तुमचे डोळे आवरा! तुमच्याच डोळ्यांनी झालंय हे!"

तो रागावला नाही. "शहरात, नाफ्प्लिओला, डोळ्यांचे डॉक्टर आहेत," म्हणाला. बस्स, एवढंच.

का नाही रागावला?

३० जून

थोदोरा आजीला म्हटलं, आता नावं घेऊन बघ. एकेक नाव, एकेक थेंब. ज्याच्या नावाला विरेल त्याची दृष्ट.

वन्सं – थेंब तसाच. गोल, पिवळा. नटसाहेब – तसाच! मला पटेना, परत करायला लावलं. तसाच. सासूबाईंचं नाव मनात घ्यायला सांगितलं. तसाच.

आजी म्हणाली, "आता तुझं."

"माझं का? मी आई आहे!"

"म्हणून तर. जीव लावणाऱ्याची सगळ्यात जड लागते, पोरी. घे."

विरला.

मी माझ्याच लेकीवर थुंकले. थू, थू, थू. मग डोक्यावरच्या रुमालानं पुसलं. आजी म्हणाली, "आता बघेल." मी हो म्हटलं.

२ जुलै

नाही बघत.

४ जुलै

रंगीत तालमीला गावाला बोलावलं होतं. सगळ्या बायका गेलो, खाऊ बांधून, पोरं घेऊन. ऊन कलतं होतं, दगड अजून तापलेले.

नाटक जुनंपुराणं. गावात रोगराई आलीय, आणि राजा शोधतोय – पाप कुणाचं? याच्यावर संशय, त्याच्यावर संशय. एक आंधळा म्हातारा येऊन सांगतो, तर त्यालाच शिव्या! मला घाम फुटला. मी काय वेगळं केलं होतं ओट्यावर?

राणीला आधी कळतं. ती म्हणते, पुरे, विचारू नका. तर मागून थोदोरा आजी उठून उभी राहिली आणि ओरडली, "अरे मुडद्या, ऐक की बायकोचं! नको विचारू!" सगळे हसले. मी नाही हसले. ती राणीही मीच की! महिनोन् महिने मीच म्हणत होते – नको विचारू.

शेवटी नटसाहेब बाहेर आला, डोळ्यांवरून लाल रंग ओघळलेला. चाचपडत नव्हता. मान कलती करून उभा राहिला – बेबासारखी.

ते तिच्याकडून घेतलं त्यानं.

येताना वाटेत थांबले. उतरत्या उन्हाकडे बेबाचं तोंड केलं आणि नीट बघितलं. बुबुळाच्या मधोमध पांढरं. दोन्ही डोळ्यांत.

आज पहिल्यांदा नाही दिसलं. फेब्रुवारीत बदाम फुलला होता, त्याच्याखाली घेऊन उभी होते, तेव्हा दिसलं होतं. म्हटलं, फांदीवरचं फूल डोळ्यात दिसतंय. घरात आले तरी होतं. घरात कुठला बदाम?

५ जुलै

लाम्बीसला सांगितलं. तो बुटाचा बंद बांधत होता. बांधतच राहिला.

"मला माहीत होतं," म्हणाला. "तुला माहीत नाही असं वाटत होतं. कसं सांगू तुला?"

एका घरात, एका पाळण्याशी – दोघं!

९ जुलै

नाफ्प्लिओला गेलो. लाम्बीस, मी, बेबा, आणि वन्सं हट्टानं. डॉक्टर म्हातारे, हात गरम. छोट्या दिव्यानं बघितलं. म्हणाले, मोतीबिंदू, जन्माचा. काढता येतो, अथेन्सला. पण लवकर. "डोळा फार दिवस बसून राहिला की बघायचं विसरतो, बाई. आणखी थांबला असता तर कठीण होतं."

मग विचारलं, "पोटुशी असताना, सुरुवातीला, अंगावर लाल पुरळ, ताप? त्यानं पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना असं होतं."

आला होता. तीन दिवस. वन्संच्या उशाशी बसून उठले, त्यानंतर.

वन्सं पांढऱ्याफटक. "म्हणजे मी," म्हणाल्या, "माझ्यामुळं..." आणि तिथंच भिंतीशी खाली बसल्या. मी बेबाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "धरा हिला. माझे हात भरून आलेत."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "मारिगोपाशी तुला बसवलं कुणी? मी." मग उठल्या, टोपड्याचा दुसरा मणी कात्रीनं काढला. पहिला राहू दिला.

आता कुणी शोधत नाही.

१८ ऑगस्ट, अथेन्स

झालं. दोन्ही डोळे. पट्ट्या आहेत, हात डोळ्यांकडे जाऊ नयेत म्हणून बाह्या पाळण्याला बांधल्यात. आल्कीस येऊन गेला. बेबाकडे बघून म्हणाला, "काय कुरूप पोर आहे!" आणि थू-थू-थू केलं. नर्स चिडली. मी किती दिवसांनी हसले.

पण भीती जात नाही. डॉक्टर म्हणतात, जाड चष्मा लागेल, आणि किती दिसेल ते तीच सांगेल. बघायला लागली तर मला ओळखेल? माझा चेहरा तर तिनं कधी बघितलाच नाही.

२७ ऑगस्ट

पट्ट्या सुटल्या. डोळे उघडे. खिडकीकडे बघितलं, डॉक्टरांच्या पांढऱ्या डगल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. परक्या बाईकडे बघतात तसं. ओठ काढले रडायला.

मी म्हटलं, "ए बाई."

तिनं डोळे घट्ट मिटले, मान कलती केली – आणि हसली.